हलत्या देखाव्यासाठी बोर्ड एकमेकांना जोडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणेशोत्सवाला दोन महिने उरले की मंडळांचे कार्यकर्ते आणि डिप्लोमा-इंजिनिअरिंगची मुलं तेच प्रश्न घेऊन येतात. दरवर्षी तोंडी सांगण्यापेक्षा उत्तरं एकदा नीट लिहून ठेवलेली बरी, म्हणून हे पान. बोर्ड म्हणजे अर्डुइनोचे मेगा, ऊनो, नॅनो किंवा ईएसपी३२ यांसारखे, प्रोग्रॅम टाकून मोटरी-दिवे चालवता येणारे छोटे सर्किट.

उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे : कालियामर्दनाचा देखावा. डोहात पाच फण्यांचा कालिया, त्याच्या डोक्यावर वरखाली होणारा कृष्ण, निळ्या दिव्यांच्या लाटा, काठावर हात उंचावणारे गोप आणि मागे निवेदन. एकूण पाच बोर्ड. त्यातला एक सूत्रधार. बाकीची चार पात्रं : फणे, कृष्णाचा मंच, लाटा आणि गोप. सूत्रधार आणि पात्र हे शब्द पुढे याच अर्थाने येतील.

एकाच मोठ्या बोर्डावर सगळं का चालवू नये? मेगाला तर ५४ डिजिटल पिना आहेत.

पिना पुरतात, अडतं ते वायरिंगपाशी. मांडवाच्या मधोमध एक मेगा ठेवला, तर प्रत्येक सर्वोची (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या छोट्या मोटरची) सिग्नलची तार आठ-दहा मीटर ओढावी लागते. शेजारून मोटरींच्या तारा जातात, त्यांचा गोंगाट सिग्नलमध्ये शिरतो आणि फणे कारण नसताना थरथरू लागतात. शिवाय चाळीस-पन्नास तारांचा तो जुडगा एकदा मांडवात बांधला की त्यातली तुटलेली तार शोधायला रात्र जाते. प्रत्येक पात्राजवळ त्याचा छोटा बोर्ड ठेवला, तर सर्वोच्या तारा वीतभर राहतात आणि लांबवर फक्त एक केबल धावते. लाटांचा बोर्ड बंद पडला तरी कृष्ण नाचत राहतो, हा फायदा वेगळाच.

घरच्या गौरी-गणपतीच्या सजावटीत सगळं हाताच्या अंतरावर असतं. तिथे एक ऊनो पुरतो, जाळं विणायची गरज नाही.

ऊनो, नॅनो की ईएसपी३२?

हाताशी असेल तो. ऊनो (आर३) आणि नेहमीच्या नॅनोवर एटमेगा३२८पी ही एकच चिप असते : १६ मेगाहर्ट्‌झ, ३२ केबी फ्लॅश, २ केबी रॅम. फणे हलवायला एवढं भरपूर झालं. ५ व्होल्टवर चालत असल्याने बाजारातली बहुतेक मॉड्यूल त्यांना थेट जोडता येतात. ईएसपी३२ कित्येक पट वेगवान आहे, वायफाय अंगचंच आहे, पण तो ३.३ व्होल्टचा आहे. त्याच्या पिनेवर ५ व्होल्ट देऊ नका. तसंच ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुटच्या आहेत आणि ६ ते ११ आतल्या फ्लॅशसाठी राखलेल्या आहेत. सर्वो ३४ वर लावून तासभर डोकं धरून बसलेली मुलं मी दरवर्षी पाहतो.

माझी पसंती अशी : दिव्यांना आणि सूत्रधाराला ईएसपी३२, हालचालींना नॅनो. मात्र सगळ्या मंडळींना एकच बोर्ड नीट माहीत असेल, तर सगळीकडे तोच वापरा. रात्री साडेदहाला बोर्ड बदलायची वेळ आली की सवयीचाच हात चालतो.

बोर्ड एकमेकांना कोणत्या पद्धतीने जोडावेत?

पहिल्यांदा बहुतेक जण आय-टू-सी निवडतात, कारण दोनच तारा लागतात आणि उदाहरणं सहज सापडतात. टेबलावर ते छान चालतं. पण ही पद्धत फिलिप्स कंपनीने १९८२ च्या सुमारास एकाच उपकरणातल्या चिपांनी आपापसात बोलावं म्हणून काढली. तारांची एकूण कपॅसिटन्स (वीज साठवून धरण्याची क्षमता) ४०० पिकोफॅरडच्या आत राहावी, असा तिचा नियम आहे. काही मीटर केबल ओढली की तो मोडतो. मग बोर्ड कधी बोलतात, कधी गप्प राहतात, आणि वाईट म्हणजे कधीकधी सगळा प्रोग्रॅमच अडकून बसतो. आय-टू-सी डब्याच्या आत ठेवा, बोर्डापासून त्याच्याच सर्वो चालवणाऱ्या ड्रायव्हर-चिपपर्यंत.

साध्या सिरियलची (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीची) एकाची टीएक्स (पाठवणारी पिन) दुसऱ्याच्या आरएक्सला (ऐकणाऱ्या पिनेला) जोडली, तर एक-दोन मीटर निभावतं. पुढे गोंगाटाचा त्रास होतो.

मांडवासाठी माझं उत्तर आरएस-४८५ हेच आहे. कारखान्यांतली यंत्रं कित्येक वर्षं यावरच बोलत आहेत. एकच संदेश दोन तारांवर उलटसुलट जातो आणि घेणारा दोन्हींतला फरक तेवढा पाहतो. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो, त्यामुळे फरक काढताना तो निघून जातो. कमी वेगात १२०० मीटरपर्यंत आणि एका जोडीवर ३२ बोर्डांपर्यंत ही पद्धत चालते. आपला मांडव त्या मानाने फार लहान. मॉड्यूल स्वस्त आहे आणि कोड तर साध्या सिरियलचाच राहतो.

आरएस-४८५ प्रत्यक्षात कसं जोडायचं?

नेटवर्कची कॅट-५ई किंवा कॅट-६ केबल घ्या. तिच्यातली पिळाची एक जोडी ए आणि बी साठी, आणि दुसऱ्या जोडीतली एक तार सगळ्यांच्या ग्राउंडसाठी. केबल तांब्याचीच आहे ना, हे घेताना विचारा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण स्क्रूखाली दोनदा वाकवली की तुटते.

केबल आगगाडीच्या डब्यांसारखी न्यायची : सूत्रधाराकडून फण्यांकडे, तिथून मंचाकडे, तिथून लाटांकडे, शेवटी गोपांकडे. मधूनच फांद्या काढायच्या नाहीत.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. केबलच्या दोन टोकांना, आणि फक्त टोकांनाच, ए आणि बी मध्ये १२० ओहमचा रेझिस्टर हवा. तो नसेल तर संदेश टोकावरून परत फिरून स्वतःवरच आदळतो. बाजारात मिळणाऱ्या निळ्या मॅक्स४८५ मॉड्यूलवर (बोर्डाला आरएस-४८५ च्या तारेशी जोडणाऱ्या पट्टीवर) हा रेझिस्टर आधीच लावलेला असतो. म्हणजे पाच मॉड्यूल जोडली की पाच रेझिस्टर समांतर येतात, १२० चे २४ ओहम होतात आणि चिपवर नको तेवढा भार पडतो. मधल्या तीन मॉड्यूलवरचा ‘१२१’ लिहिलेला बारीक रेझिस्टर सोल्डरिंग गनने काढून टाका. तपासायला वीज पूर्ण बंद करून ए-बी मध्ये मल्टिमीटर लावा. साधारण ६० ओहम दिसले की काम बरोबर.

मॉड्यूलवर डीई आणि आरई अशा आणखी दोन पिना असतात, बोलायचं की ऐकायचं हे ठरवणाऱ्या. आपल्या देखाव्यात फक्त सूत्रधार बोलतो, म्हणून त्याच्या दोन्ही पिना ५ व्होल्टला आणि पात्रांच्या दोन्ही पिना ग्राउंडला कायमच्या बांधून टाका. निम्म्या अडचणी इथेच संपतात. ईएसपी३२ साठी मात्र ३.३ व्होल्टवर चालणारी मॅक्स३४८५ ची मॉड्यूल घ्या.

ऊनो-नॅनोवर यूएसबी आणि ० व १ या पिनांचा सिरियल एकच आहे. पिन ० ला मॉड्यूल जोडलेलं असताना कोड टाकायला गेलात तर तो चढत नाही. तिथे एक छोटा स्विच ठेवा.

तारेवरून नेमकं काय पाठवायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

नवखा माणूस सूत्रधाराकडून प्रत्येक सर्वोचा कोन पाठवू लागतो : पहिला फणा ४२ अंश, आता ४३, आता ४४. तार सतत भरलेली राहते, एक आकडा चुकला की फणा झटका देतो आणि सगळ्या देखाव्याचं गणित एकाच प्रोग्रॅममध्ये कोंबलं जातं. आपल्या नाटकात सूत्रधार नटाचा हात धरून हलवत नाही. तो प्रवेश सांगतो, पुढचं नटाला पाठ असतं. बोर्डांचंही तसंच ठेवा. फण्यांच्या बोर्डाला ‘तिसरा प्रवेश’ म्हणजे काय करायचं ते पाठ असू द्या, आणि सूत्रधाराने फक्त प्रवेश सांगावा.

पुढची पायरी बरेच जण गाळतात. प्रवेश एकदाच सांगू नका. ‘तिसरा प्रवेश सुरू’ असा एकच संदेश पाठवला आणि नेमका तोच गोंगाटात हरवला, तर गोप पुढचे दोन मिनिटं दुसऱ्या प्रवेशातच उभे. म्हणून सूत्रधाराने सेकंदाला दहा वेळा एकच घोष चालू ठेवायचा : कोणता प्रवेश चालू आहे आणि तो सुरू होऊन किती वेळ झाला. एक संदेश हरवला तर एक दशांश सेकंदात दुसरा येतो. एखादा बोर्ड मध्येच रिसेट झाला, तरी उठल्या उठल्या त्याला कळतं की तिसऱ्या प्रवेशाचे चौदा सेकंद झाले आहेत, आणि तो तिथूनच सुरू करतो.

आमचा संदेश सहा बाइटांचा असतो. पहिला ठरलेली खूण, दुसरा प्रवेश क्रमांक, तिसरा-चौथा मिळून गेलेला वेळ दशांश सेकंदांत, पाचवा जादा सूचनांसाठी आणि सहावा आधीच्या पाचांची बेरीज. बेरीज जुळली नाही तर संदेश टाकून द्यायचा. ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट) एका बाइटला साधारण १ मिलिसेकंद लागतो, म्हणजे अख्खा संदेश ६ मिलिसेकंदांत पोचतो. वेग वाढवायची काही गरज नाही. हळू तार जास्त भरवशाची.

शेवटचं : तीन सेकंद काहीच ऐकू आलं नाही, तर प्रत्येक पात्राने आपणहून विश्रांतीच्या जागी जायचं. फणे खाली, मंच खाली, हात खाली. हे पहिल्या दिवशीच कोडमध्ये लिहा, नंतरवर ढकललं की राहून जातं.

आवाज आणि हालचाल जुळत नाही. सुरुवातीला बरोबर असतं, शेवटी मागेपुढे होतं.

प्रत्येक बोर्ड आपल्या घड्याळावर चालतो आणि ती घड्याळं सारखी नसतात. ऊनोवर मुख्य चिपसाठी सिरॅमिक रेझोनेटर असतो. त्यात अर्ध्या टक्क्याचा फरक पडू शकतो. पाच मिनिटांच्या प्रयोगात अर्धा टक्का म्हणजे दीड सेकंद. कृष्णाची उडी निवेदनाच्या दीड सेकंद मागे पडली की लोकांना लगेच जाणवतं. वर सांगितल्याप्रमाणे गेलेला वेळ सतत पाठवत राहिलात, तर हा प्रश्न उरतच नाही, कारण पात्रं दर दशांश सेकंदाला आपलं घड्याळ सूत्रधाराशी लावून घेतात.

सूत्रधाराने आपलं घड्याळ आवाजाशी लावायचं. आवाजासाठी आम्ही डीएफप्लेअर मिनी हे मेमरी कार्डवरून गाणं वाजवणारं छोटं मॉड्यूल वापरतो. त्याला ‘वाजव’ म्हटल्यापासून आवाज निघेपर्यंत लागणारा वेळ दरवेळी थोडा कमीजास्त असतो. त्याच्यावर बिझी नावाची पिन आहे. गाणं वाजू लागलं की ती शून्यावर येते. घड्याळ त्या क्षणापासून मोजा, हुकूम दिल्यापासून नको. मेमरी कार्ड ३२ जीबीपर्यंतचं, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेलं लागतं. त्याच्या आरएक्स तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर टाकला की स्पीकरमधली घरघर बरीच कमी होते.

‘डिले’ वापरला तर काय बिघडतं?

डिले म्हणजे कोडमधली ‘इतका वेळ थांब’ ही आज्ञा. ती चालू असताना बोर्ड तुमच्याकडे पाठ करून बसलेला असतो. दोन सेकंदांच्या डिलेमध्ये सूत्रधाराचे वीस संदेश येऊन जातात. ‘मिलिस’ने (बोर्ड सुरू होऊन किती मिलिसेकंद झाले हे सांगणाऱ्या आज्ञेने) वेळ पाहा, आणि प्रत्येक फेरीत विचारा : आता चौदा सेकंद झालेत, तर फणा कुठे असायला हवा? तिथे न्या आणि पुढच्या फेरीला लागा. हालचाल अशी वेळेवरून काढली की ती गुळगुळीतही करता येते. सुरुवातीला हळू, मध्ये वेग, शेवटी पुन्हा हळू. साप असाच डोलतो. एकसारख्या वेगाने हलणारा फणा दरवाजासारखा दिसतो.

वायफायवरच केलं तर? तारांची कटकटच नको.

एका वर्षी आम्ही ईएसपी-नाउ (ईएसपी बोर्डांनी आपापसात थेट बिनतारी बोलायची पद्धत) वापरून पूर्ण देखावा बिनतारी केला होता. रिकाम्या मांडवात आठवडाभर एकही चूक झाली नाही. पाचव्या दिवशी, गौरी-गणपती आटोपून लोक रस्त्यावर आले, आणि त्या रात्री गोपांचा बोर्ड वारंवार मुका होऊ लागला. बाकी काहीच बदललं नव्हतं, मांडवासमोर दोन-तीनशे माणसं तेवढी उभी होती. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी माणसाच्या शरीरातल्या पाण्यात शोषल्या जातात. शिवाय त्या प्रत्येकाच्या खिशातला फोनही बहुधा त्याच पट्ट्यात बोलत असतो. त्या रात्री प्रयोग थांबवून आम्ही तार ओढली.

तार नेणं शक्यच नसेल तिथे ईएसपी-नाउ जरूर वापरा : गोल फिरणारा मंच, किंवा विसर्जन मिरवणुकीतला ट्रॉलीवरचा देखावा. त्याला राऊटर लागत नाही. एका संदेशात २५० बाइट बसतात, म्हणजे आपले सहा कुठल्या कुठे मावतात. सगळे बोर्ड एकाच चॅनेलवर ठेवा. सूत्रधाराला मोबाईलवरून चालवण्यासाठी राऊटरलाही जोडलंत, तर त्याचा चॅनेल राऊटरच्या मागे जातो आणि बाकीचे बोर्ड त्याला हरवून बसतात. अँटेना माणसांच्या डोक्यांच्या वर, सात-आठ फुटांवर लावा, आणि पत्र्याच्या डब्यात बंद करू नका.

दिवे लावले की सर्वो थरथरतात, संदेशही हरवतात. दिवे काढले की सगळं नीट. असं का?

डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येणाऱ्या) पट्टीला माहिती फार नेमक्या वेळेत द्यावी लागते. एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद. ती देत असताना ऊनोवरची नेहमीची लायब्ररी बाकी सगळे इंटरप्ट (मध्येच आलेल्या कामाकडे लक्ष वेधणाऱ्या हाका) बंद ठेवते. १४४ दिव्यांच्या पट्टीला चार मिलिसेकंदांहून जास्त लागतात. तेवढ्यात सिरियलवर चार बाइट येऊन जातात, आणि चिप जेमतेम दोन-तीन सांभाळू शकते. सर्वोची नाडी (कोन सांगणारा विजेचा ठोका) १ ते २ मिलिसेकंदांची, दर २० मिलिसेकंदांनी द्यायची असते. तीही चुकते, म्हणून थरथर.

उपाय दोन. दिव्यांना स्वतंत्र बोर्ड द्या, आम्ही लाटांचा बोर्ड वेगळा ठेवलाय तो याचसाठी. आणि सर्वोंच्या नाड्या पीसीए९६८५ या ड्रायव्हरकडे सोपवा. त्यावर सोळा सर्वो चालतात, तो स्वतःच्या घड्याळाने नाड्या देत राहतो आणि बोर्डावर ताण येत नाही.

पट्टीच्या सुरुवातीला डेटाच्या तारेत ३३० ते ४७० ओहमचा रेझिस्टर आणि पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायला विसरू नका.

फण्यांना सर्वो लावू की वायपरची मोटर?

वजनावर ठरवा. एमजी९९६आर सर्वोची ताकद साधारण ९ ते १० किलो-सेंटिमीटर. याचा अर्थ १ सेंटिमीटरच्या दांड्यावर दहा किलो, पण १५ सेंटिमीटरवर फक्त सहाशे-साडेसहाशे ग्रॅम. फायबरचा फणा अर्धा किलोचा असेल आणि त्याचं वजन सांध्यापासून १५ सेंटिमीटरवर पडत असेल, तर साडेसात किलो-सेंटिमीटर झाले. कागदावर जमतं, पण पहिल्या दोन दिवसांतच गिअर जातात. मी छापील ताकदीच्या निम्म्यावर थांबतो. फण्याच्या मागच्या बाजूला उलटं वजन बांधा किंवा स्प्रिंग लावा, सर्वोवरचा भार झपाट्याने उतरतो.

त्याहून जड काही असेल तर गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर. जुन्या बाजारात मिळते, आत वर्म गिअर असल्याने दणकट असते आणि आपले जुने कारागीर तिच्यावर क्रँक (गोल फिरणं मागेपुढे हालचालीत बदलणारा दांडा) लावून राक्षसांचे हात हलवत आले आहेत. तिची खरी गंमत पार्किंगच्या तारेत आहे. वायपर काचेच्या खाली येऊन थांबावा म्हणून आत एक स्विच असतो. तोच आपल्याला ‘फणा मूळ जागी आला’ हे सांगू शकतो, वेगळा लिमिट स्विच लावावा लागत नाही. एक सावधगिरी : अनेक वायपर मोटरींत मोटरचं धातूचं अंगच ऋण टोकाला जोडलेलं असतं. ती उलटी फिरवायला गेलात तर लोखंडी सांगाड्यात १२ व्होल्ट येतात आणि शॉर्ट होतं. क्रँक लावा, मोटर एकाच दिशेने फिरू द्या.

पुरवठा कसा द्यायचा? एका ५ व्होल्टच्या एसएमपीएसवर (मेनलाइनच्या विजेचं डीसी करून देणाऱ्या पुरवठ्यावर) सगळं चालेल?

एमजी९९६आर अडकला की अडीच अँपिअरपर्यंत ओढतो. पाच फणे एकदम अडकले तर साडेबारा. दिव्याच्या पट्टीत पूर्ण पांढरा रंग लावला तर दर दिव्याला ६० मिलिअँपिअर, म्हणजे १४४ दिव्यांना साडेआठ अँपिअरच्या वर. ऊनोच्या ५ व्होल्टच्या पिनेवरून यातलं काहीही चालवायचं नाही.

५ व्होल्ट लांब नेऊ नका. नेटवर्क केबलच्या बारीक तारेचा रोध मीटरला साधारण ०.०८४ ओहम असतो. २० मीटर जाऊन परत यायचं म्हणजे ४० मीटर, ३.४ ओहम. १ अँपिअर ओढला की तारेतच ३.४ व्होल्ट गळतात आणि टोकाला दीड व्होल्ट पोचतात. मांडवात १२ व्होल्ट फिरवा, जाड तारेने, आणि प्रत्येक पात्राजवळ बक कन्व्हर्टर लावून ५ व्होल्ट करा. एलएम२५९६ जातीच्या कन्व्हर्टरवर तीन अँपिअर लिहिलेलं असतं, पण तासन्‌तास चालवायचा तर दोनच्या पुढे जाऊ नका. बोर्डाला एक कन्व्हर्टर आणि सर्वोंना दुसरा, असे वेगळे ठेवा. प्रत्येक शाखेला फ्यूज लावा.

ग्राउंड सगळ्यांचं एक करायचं का?

हो. केबलमधली ती तिसरी तार त्याचसाठी आहे. पण मोटरींचा प्रवाह त्या बारीक तारेतून परत जाता कामा नये. मोटरींची ऋण तार जाड, थेट आपल्या एसएमपीएसकडे.

रिले किंवा मोटर चालू झाली की बोर्ड रिसेट होतो.

मोटर बंद होताना तिच्या वेटोळ्यातून उलटा झटका येतो. डीसी मोटर एकाच दिशेने फिरत असेल किंवा सोलेनॉइड असेल, तर टोकांवर १एन४००७ डायोड उलटा लावा. २३० व्होल्टचा पंप असेल तर रिलेच्या संपर्कावर स्नबर (झटका शमवणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावा. मोटरीच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर थेट सोल्डर करा, तारेच्या दुसऱ्या टोकाला नको. ईएसपी३२ असेल तर वायफाय सुरू होतानाचा दमच पुरवठ्याला झेपत नसण्याची शक्यता असते. त्याच्याजवळ ४७० मायक्रोफॅरड लावून पाहा. ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता तारा खोचायची पाटी) तर मांडवात नेऊच नका. सरावाला ठीक आहे, पण ढोल-ताशांच्या हादऱ्याने त्यातल्या जंपर वायर हळूहळू बाहेर सरकतात.

आमच्या रोषणाईवाल्याकडे डीएमएक्स (रंगमंचावरचे दिवे चालवायची पद्धत) आहे. त्यावरच सगळं चालवता येईल?

दिवे, धूर वगैरे आनंदाने चालवा. डीएमएक्स५१२ हेही मुळात आरएस-४८५ च आहे, २५० किलोबॉडवर ५१२ चॅनेल. पण त्यात चूक ओळखायची सोय नाही. आकडा बिघडला तर बिघडलेलाच आकडा पाळला जातो. दिवा क्षणभर लुकलुकला तर चालतं, कृष्णाला उचलणारा मंच लुकलुकून चालत नाही. हालचालींना आपली बेरीज तपासणारी तार वेगळी ठेवा.

रास्पबेरी पाय (छोटा संगणक) सूत्रधार म्हणून?

व्हिडिओ दाखवायचा असेल तर हो. नुसत्या आवाजासाठी नको. अचानक वीज गेली की त्याचं मेमरी कार्ड खराब होऊ शकतं, आणि मांडवात वीज अचानकच जाते.

लहान मुलं कठड्यावर चढतात. सुरक्षेसाठी काय करावं?

लाल, हाताच्या थापेने दबणारं आणीबाणीचं बटण लावा, आणि ते बोर्डाला जोडू नका. त्याने मोटरींचा १२ व्होल्टचा पुरवठाच थेट तुटला पाहिजे. बोर्ड चालू राहिले तरी हरकत नाही. बटण देखाव्याजवळ उभ्या असलेल्या कार्यकर्त्याच्या हाताशी हवं, मागच्या खोलीत नको. वरखाली होणाऱ्या मंचाला दोन्ही टोकांना लिमिट स्विच लावा आणि तेही मोटरच्या वाटेतच ठेवा, म्हणजे कोड चुकला तरी मंच थांबतो.

२३० व्होल्टचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. महावितरणचं तात्पुरतं अधिकृत कनेक्शन, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि लोखंडी सांगाड्याला अर्थिंग, या तीन गोष्टी झाल्याशिवाय आम्ही एकही बोर्ड मांडवात नेत नाही. बारावीतला मुलगा सर्वो उत्तम जोडत असेल, पण मेनलाइनला हात लावायची परवानगी त्याला कोणीही देऊ नये, त्याने कितीही गळ घातली तरी.

भाद्रपदातल्या पावसाचं काय?

बोर्ड जमिनीपासून दोन फूट वर, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात. तारा डब्याला खालून आत घ्या, आणि आत शिरण्याआधी त्यांना खाली झोळ द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळाशीच गळून पडतं. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. आमचे बहुतेक बिघाड थेट पावसाने झाले नाहीत, दमट हवेत हिरव्या पडलेल्या स्क्रू टर्मिनलने झाले. तारेच्या टोकाला फेरूल (धातूची बारीक नळी) दाबून मगच स्क्रू आवळा.

किती चाचणी पुरेशी?

हिशोब करा. प्रयोग सहा मिनिटांचा, रोज संध्याकाळी पाच तास, म्हणजे दिवसाला पन्नास प्रयोग आणि दहा दिवसांत पाचशे. प्रत्येक प्रयोगात फणा वीस वेळा उठत असेल, तर दहा हजार वेळा. म्हणून मांडवात नेण्याआधी पूर्ण देखावा सलग बारा तास चालवा. मग मुद्दाम त्रास द्या : चालू असताना केबल ओढून काढा, एका बोर्डाची वीज घालवा, फणा हाताने धरून ठेवा. प्रत्येक वेळी बाकीचे काय करतात आणि तार परत लावल्यावर ते पुन्हा जुळतात का, ते पाहा. वॉचडॉग चालू ठेवा, म्हणजे कोड अडकला तर बोर्ड आपणहून रिसेट होतो.

सगळ्या नॅनोंमध्ये एकच कोड ठेवा. हा बोर्ड फण्यांचा की गोपांचा, हे डब्यातल्या चार डिप स्विचांनी (बारीक चालू-बंद खटक्यांनी) ठरू द्या. बोर्ड सुरू होताना ते वाचतो. असं केलं की कोड टाकून ठेवलेला एकच सुटा नॅनो कुठल्याही पात्राच्या जागी बसतो, लॅपटॉप लागत नाही.

सामान कुठे मिळेल?

पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. चतुर्थीच्या आठवड्यात एसएमपीएस आणि सर्वो संपतात, आधी घ्या. नॅनोच्या स्वस्त प्रतींना सीएच३४० या यूएसबी चिपचा ड्रायव्हर संगणकावर लागतो, आणि कोड चढत नसेल तर अर्डुइनोच्या प्रोग्रॅमच्या मेनूमध्ये ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून पाहा.

विसर्जनानंतर सगळं कसं ठेवायचं?

मांडव उतरवायच्या घाईत तारा कापल्या जातात, म्हणून त्याआधी प्रत्येक डबा उघडून फोटो काढा. केबलच्या दोन्ही टोकांना नाव लिहिलेली चिकटपट्टी लावा, ‘फणे ते मंच’ अशी. कोडच्या फाइलला वर्ष आणि देखाव्याचं नाव द्या, आणि तिची एक प्रत मंडळाच्या मेलवर ठेवा. ज्या मुलाने तो लिहिला, तो पुढच्या वर्षी नोकरीसाठी बंगळुरूला गेलेला असू शकतो. सर्वो मोकळे करून, दांडे काढून ठेवा. दिव्यांच्या पट्ट्या घडी न घालता गुंडाळा, घडीच्या जागी तांब्याचा मार्ग तुटतो. डिप स्विचांची मांडणी डब्याच्या झाकणावर आतून मार्करने लिहा.